नंदीबैलांची चालपट्टी

"गुड्डू, तीन चाकांचा बैल पाहिला का रे कधी?" दामिनीनं विचारलं.

"आत्ता पाहून राहिली ना तू!" गुड्डूनं आपला लाकडी नंदीबैल छातीशी धरला. "आटोले तीन चाकं चालतात, मग बैलाले काऊन नाही?"

"आटो शिंगं मारत नाही!"

"तू तिरोड्याचे आटोवाले पाहिले नाहीस!"

हर्षिता खुदकन हसली. ओसरीच्या कोपऱ्यात बसून ती आपल्या नंदीची शिंगं रंगवत होती. आज मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. उद्या तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा आणि त्यांच्या चाकांवरच्या लाकडी बैलांचा! शाळेला सुट्टी होती, बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि चिचटोल्याच्या पोरांना याहून जास्त काही नको होतं.

हर्षिता कमी बोलायची. म्हणजे तिला उत्तरं सुचायची, पण सगळे घरी गेल्यावर! वर्गात तिचा हात अर्ध्यावर जायचा आणि तिथूनच खाली यायचा. आपलं चुकलं तर? लोक हसले तर? त्यापेक्षा पुस्तक बरं, ते कधी हसत नाही.

इतक्यात अंगणातून आवाज आला.

"तुम्हीच कुठी बोलले असाल आबाजी! तुमच्या-माझ्याशिवाय कोणाले माहीत होतं?"

हा आवाज हर्षिताच्या वडिलांचा, नंदलालचा. पोरांनी माना वळवल्या. समोर मनिराम आबाजी, म्हणजे दामिनीचे आजोबा उभे होते. त्यांनी हातातली बैलाची झूल खांद्यावर टाकली.

"नंदलाल, माझ्या बांधीत सारस बसला आणि मीच गावभर दवंडी देऊ? आजपासून तुझा-माझा राम राम बंद!"

आबाजी निघून गेले. दामिनीचा चेहरा कसानुसा झाला. तिनं आपला बैल उचलला आणि हर्षिताकडे न बघताच तीही निघाली.

"थांब ना दामिनी!"

"कायले थांबू? तुझे बाबूजी माझ्या आबाजीले चुगलखोर म्हणून राहिले!"

भांडणाचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण बाहेर कुणी बोलत नव्हतं. मनिराम आबाजींच्या एका बांधीत, धानाच्या मधोमध, सारस पक्ष्यांच्या जोडीनं गवताचं घरटं रचलं होतं. माणसाएवढे उंच, लाल मानेचे ते पक्षी! घरट्यात दोन अंडी होती. मागच्या साली कुणीतरी अंडी पळवली होती, आणि जोडी कितीतरी दिवस रिकाम्या घरट्याभोवती ओरडत फिरली होती. म्हणून यंदा नंदलालनं राखण धरली. रोज सकाळ-संध्याकाळ तो आपली लाल मोटारसायकल नहराजवळच्या, म्हणजे कालव्याजवळच्या मोहाखाली उभी करायचा आणि पुढं धुऱ्याच्या अरुंद बांधावरून पायी जायचा. नेमकी बांधी कोणती, ते फक्त तो आणि आबाजी जाणत होते.

आणि काल पांढऱ्या गाडीतून दोन अनोळखी माणसं आली होती. चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं होतं, "नहराजवळ ते मोहाचं झाड कुठं आहे हो, जिथं लाल मोटारसायकल रोज थांबते?"

हर्षिताच्या डोक्यात काहीतरी खटकलं. ती धावतच निघाली आणि दामिनीला कोपऱ्यावर गाठलं.

"दामिनी, ऐक! त्या माणसांनी सारसाचं नाव काढलं का? नाही! बांधी विचारली का? नाही! आबाजींनी सांगितलं असतं, तर सरळ बांधीच सांगितली असती. ज्यानं सांगितलं, त्याला फक्त गाडी कुठं थांबते एवढंच माहीत आहे. गाडी का थांबते, ते माहीत नाही!"

"असा कोण आहे?" मागून धापा टाकत आलेल्या गुड्डूनं विचारलं.

हर्षितानं रस्त्याकडे बोट केलं. तिथं लाल मोटारसायकल उभी होती, आणि सीटखाली साबणाच्या वडीएवढी काळी डबी चिकटलेली होती.

"चालपट्टी!" तिघं एकदम म्हणाले.

या पावसाळ्यापासून त्यांच्या भागात एक प्रयोग सुरू झाला होता. विजेवरच्या गाड्या वाढल्या, त्या पेट्रोल पीत नाहीत, मग पेट्रोलवरचा कर आटणार. रस्ते कशातून बांधायचे? तर जो जितका चालेल त्यानं तितका कर द्यावा! म्हणून गाडीगाडीला डबी लावली होती. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. पण घरपट्टी, पाणीपट्टी भरणाऱ्या लोकांनी हिला आपलं सुटसुटीत नाव दिलं, चालपट्टी! डबी किलोमीटर मोजते, इतकंच सगळ्यांना सांगितलं होतं.

"पण किलोमीटर मोजणाऱ्या डबीला मोहाचं झाड कसं कळलं?" हर्षिता पुटपुटली. "सायकली काढा!"

डब्या बसवण्याचं काम मोठ्या रस्त्यावरच्या गुलाबचंदच्या दुकानाला मिळालं होतं. पोळ्याची बेगड आणि गोंडे घ्यायला तिथं झुंबड उडाली होती. पण पोरं दारातच थबकली. पूर्वी ज्या मोठ्या टीव्हीवर गुलाबचंद क्रिकेट लावायचा, त्यावर आता नकाशा होता. नकाशावर हिरवे टिपके सरकत होते, आणि प्रत्येक टिपक्याशेजारी मालकाचं नाव होतं!

"आओ बेटा, आओ!" गुलाबचंद खुशीत होता. "हे पाहा, कोणाची गाडी कुठी हाय, सगळं दिसते! हा टिपका डॉक्टरकडं गेला. हा सासुरवाडीले. आणि हा बघ," त्यानं पट्टी टेकवली, "तुझा बाप! रोज दोन वेळा एकाच झाडाखाली. तिथी काय गुप्तधन पुरलं हाय काय?"

गिऱ्हाईकं फिदीफिदी हसली. हर्षिताचे कान तापले.

"काका, हे सगळ्यांना दाखवायचं असतं का?" दामिनीनं तडकून विचारलं.

"त्यात काय बिघडते? ज्याले काही लपवाचं नाही, त्याले काय भीती? चोराच्या मनात चांदणं!"

हर्षिताच्या ओठांवर काहीतरी आलं. सगळे तिच्याकडे बघत होते. हात अर्ध्यावर गेला... आणि खाली आला.

गुड्डूनं मात्र आपला भोळा चेहरा काढला. हा चेहरा तो गृहपाठ विसरल्यावर वापरायचा. "काका, त्या पांढऱ्या गाडीवाल्यांनाही दाखवलं ना तुम्ही? मोठे लोक वाटले!"

"फोटोग्राफर साहेब ना? हो तर! पक्ष्यांचे फोटो काढतात. कोण रोज एकटा शेताकडं जाते, विचारत होते. मी म्हटलं, पाहा खुशाल! उद्या तान्ह्या पोळ्याले येणार हायेत. सारे टिपके देवळापाशी जमले की मले फोन करा म्हणाले. त्यांना शांतता पाहिजे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सारं गाव देवळापाशी, आणि बांधी एकटी!

परतताना नहराच्या काठी तिघांनी सायकली थांबवल्या.

"आपण डब्या नहरात फेकू!" दामिनी कडाडली.

"मग टिपके मासे पकडायला गेलेले दिसतील," गुड्डू म्हणाला.

"फेकायच्या नाहीत," हर्षिता हळूच म्हणाली. "फेकल्या तर त्यांना कळेल. डब्यांना उद्या देवळापाशी जाऊ द्या. फक्त... गाड्यांना जाऊ द्यायचं नाही."

"डब्या कशात बसून जातील मग?"

हर्षितानं गुड्डूच्या कॅरियरला बांधलेल्या तीन चाकांच्या बैलाकडे पाहिलं. गुड्डूनंही पाहिलं. मग त्यानं अशी किंकाळी मारली, की नहरातले बगळे उडाले!

आता खरी कसोटी होती, थोरांपुढं बोलायची. संध्याकाळी पोळा फुटला, तोरणाखाली जमलेले बैल घरोघरी गेले. हर्षितानं वडिलांचा हात धरून त्यांना सरळ आबाजींच्या अंगणात नेलं. दुकानातला टीव्ही, टिपके, फोन, सगळं तिनं सांगून टाकलं.

नंदलाल खाली मान घालून ऐकत होता. "आबाजी, मी चुकलो," तो म्हणाला. "चुगली घरातल्या डबीनं केली आणि नाव मी तुमचं घेतलं."

आबाजींनी पाण्याचा गडवा पुढं केला. "पी आधी. भांडाले उभा जन्म पडला हाय. हे सांग, या पोरीचं डोकं तुझ्यावर तर गेलं नाही ना?"

"पण डबी गाडीवरून काढली तर दंड होईल," नंदलाल अजून कचरत होता.

"नियमात लिहिलंय, डबी चाकाच्या वाहनात पाहिजे," हर्षिता म्हणाली. तिनं तो कागद खरोखरच वाचला होता. "नंदीबैलाला चाकं आहेत ना? मग झालं!"

"माझ्या बैलाले एक कमी हाय, तेवढं सांभाळून घ्या!" गुड्डू म्हणाला.

त्या रात्री आबाजी दारोदार फिरले. नंदलालनं वनरक्षक रुचिकाताईंना फोन केला. डब्या काढायला अडचण आलीच नाही. स्क्रू वाचवायला गुलाबचंदनं त्या नुसत्या लोहचुंबकानं चिकटवल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रथेप्रमाणे मारबत, म्हणजे इडापीडेचा पुतळा, शिवेबाहेर गेली. "रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत!" असं सारं गाव ओरडलं. दुपारी तान्हा पोळा निघाला. लहान पोरं बेगड लावलेले बैल ओढत होती, आणि एकेका बैलाच्या पोटाखाली एकेक काळी डबी बांधलेली होती. नंदलालची मोटारसायकल, दोन ट्रॅक्टर, पिठाच्या गिरणीवाल्याचा टेम्पो, सगळे डुगडुगत देवळापाशी चालले होते! गुड्डूचा बैल दर दहा पावलांनी तोंडावर आपटायचा. "ट्रॅक्टर पलटला!" तो ओरडायचा.

हर्षिता मात्र तिथं नव्हती. ती नहराच्या उतारावर गवतात पोटावर पडली होती. शेजारी दामिनी, पलीकडं आबाजी, रुचिकाताई आणि निम्मं गाव. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दूर बांधीत सारसाची लाल मान धानातून वर आली आणि पुन्हा खाली गेली.

"नाही आले तर?" हर्षिता कुजबुजली. "माझं चुकलं असेल तर?"

"तर आपण गवतात झोपलो होतो म्हणू," दामिनी म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरला.

गाडीचा आवाज आला! पांढरी गाडी मोहाखाली थांबली. गॉगलवाला उतरला, मागून टोपीवाला. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. होती कापूस भरलेली टोपली!

"गुलाबचंदचा फोन आला, सगळे देवळापाशी," गॉगलवाला म्हणाला. "घरटं याच बाजूला असणार. चल पटकन!"

दोघं धुऱ्यावर चढले. एक पाऊल, दुसरं पाऊल... हर्षिताला थांबायला सांगितलं होतं. खूण रुचिकाताई करणार होत्या. पण टोपीवाल्याचा पाय बांधीच्या चिखलात पडला आणि हर्षिता ताडकन उभी राहिली. तिचा हात या वेळी पूर्ण वर गेला!

"घेऊन जा गे मारबत!"

आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिला आजच कळलं. गवतागवतातून माणसं उगवली. "घेऊन जा गे मारबत!" नहर दणाणला. टोपीवाला वळला, घसरला आणि टोपलीसकट चिखलात बसला. गॉगलवाला गाडीकडं पळाला, तर गाडीपुढं झाडीतून निघालेला ट्रॅक्टर आडवा, आणि ट्रॅक्टरवर नंदलाल!

"तुमचा टिपका तर देवळापाशी..." गॉगलवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

"टिपका गेला पोळ्याले," नंदलाल म्हणाला, "मी हाव इथी!"

रुचिकाताईंनी दोघांना ताब्यात घेतलं. टोपली पाहिल्यावर त्यांना काही विचारायची गरजच उरली नाही.

त्याच आठवड्यात चालपट्टीच्या प्रयोगाच्या मोठ्या अधिकारी बाई गावात आल्या. पाठोपाठ पडलेल्या चेहऱ्याचा गुलाबचंद होता. पारावर सभा बसली.

"बाईसाहेब, मला खरंच माहीत नव्हतं," गुलाबचंद म्हणाला. "मला वाटलं, ज्याले लपवाचं नाही..."

"आम्हाला लपवायचं होतं, काका!"

सगळ्यांनी मागं पाहिलं. हर्षिता उभी होती.

"आम्हाला अंडी लपवायची होती. म्हणून आम्ही चोर झालो का? कोण डॉक्टरकडं जातं, कोण कुणाला भेटतं, ते टीव्हीवर कशाला? चोराच्या मनात चांदणं म्हणालात तुम्ही. पण चोराला अंधार लागतो ना? तुम्ही तर त्याच्या हातात टॉर्च दिलात!"

सभा खसखसली. बाई मात्र हसल्या नाहीत. "पण मुली, रस्त्यांसाठी पैसा लागतोच ना?"

"लागतो. जितकं चालू तितकं द्यायला आमची ना नाही. पण किती चाललो ते गाडीच्या मीटरवर असतंच की! ते वाचा. कुठं गेलो, ते आमचं आम्हाला राहू द्या."

आबाजींनी टाळी वाजवली, आणि त्यांच्यामागून साऱ्या गावानं.

बाईंनी गुलाबचंदचा टीव्ही त्याच दिवशी बंद करायला लावला. गावातल्या डब्या त्यांनी गोळा करून नेल्या आणि मीटरची गोष्ट वरपर्यंत पोहोचवते, असा शब्द दिला. "एवढं मोठ्या माणसांना सुचलं नाही!" असं म्हणून त्यांनी हर्षिताच्या पाठीवर थाप मारली. जाताना हिशेब तपासता तपासता त्या अडखळल्या. "हे काय? त्या दिवशी एक ट्रॅक्टर देवळाला पाच प्रदक्षिणा घालून एकवीस वेळा पडला?"

"तीन चाकांवर होता ना, मॅडम!" गुड्डू म्हणाला.

तान्ह्या पोळ्याचा बोजारा, म्हणजे पोरांना घरोघरी मिळणारी भेट, आबाजींनी उशिरा दिली. एका सकाळी तिघांना ते धुऱ्यावर घेऊन गेले आणि ओठांवर बोट ठेवून धानाकडे बघा म्हणाले. दोन उंच, लाल मानांच्या मधोमध पिवळसर लोकरीचा एक गोळा अडखळत चालत होता. त्याच्यामागून दुसरा!

"कसं वाटते?" आबाजींनी हळूच विचारलं.

हर्षिताला उत्तर सुचलं होतं, पण या वेळी ती मुद्दामच गप्प राहिली.

बातमी पसरली आणि शहरातून एक पत्रकार आला. त्यानं टपरीवर जमलेल्या गावकऱ्यांना विचारलं, "घरटं नेमकं कुठं आहे हो?"

आबाजींनी पूर्वेकडे बोट केलं. नंदलालनं पश्चिमेकडे. दामिनीनं नहराकडे, गुड्डूनं आभाळाकडे. बेगडीचं उरलेलं सामान घेऊन आलेल्या गुलाबचंदनं क्षणभर विचार केला, आणि आपल्याच दुकानाकडे बोट दाखवलं!