पुंजाच्या गिरणीतलं शेवटचं दळण

त्या दिवशी वारा नव्हता. सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं. चैत्रातलं ऊन, आभाळ पांढरंफटक, आणि दिवस मावळला तरी भिंतीला हात लावला की चटका बसावा. असा दिवस असला की आवाज फार लांब जातो. कुठं दोन कोसांवर कुत्रं भुंकलं तरी अंगणात भुंकल्यासारखं वाटतं.

साल २००३. वार मंगळवार. चैत्रातली चतुर्दशी, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुनव आणि वणीच्या गडावर जत्रा.

सनी, ती टॉर्च बंद कर बाबा. लाईट यायची तेव्हा येईल. तेजल, तू इकडं सरक. मी काही शिकलेला माणूस नाही, मला रंगवून सांगता येत नाही. जसं मल्हारीनं मला सांगितलं तसंच सांगतो.

मल्हारी नाशकात अंबडला एका कारखान्यात फिटर होता. इंदिरानगरात ज्या बिल्डिंगवर मी वॉचमन होतो, तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचा. कशाचे फोटो? तर जुन्या मोटारींचे. पंचवटीत कुणाच्या गॅरेजात लांब नाकाची मोटार पडलेली असली, कुठं रस्त्याकडेला गंजलेला रोडरोलर उभा असला, की हा तिथं. उन्हात तासन्‌तास बसून राहायचा, सावली हवी तिथं येईपर्यंत. घराच्या भिंतीवर नुसती यंत्रं टांगलेली. मी एकदा म्हटलं, "मल्हारी, एखाद्या माणसाचा फोटो लाव की रे." तर म्हणाला, "आबा, यंत्र कुठं जात नाही. ठेवलं तिथं सापडतं."



त्याचा बाप गिरणीवाला होता. पूर्वी खेड्यात डिझेल इंजिनावर गिरणी चालायची. धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा बसवायचे, आणि इंजिन चालू झालं की पुक... पुक... पुक... असा आवाज चौफेर जायचा. तो ऐकला की बाया पाट्या घेऊन दळणाला निघायच्या. मल्हारीचा बाप गेला तेव्हा हा लहान. बापाचा फोटो एकही नव्हता. डोळ्यांपुढं होतं ते एवढंच, की मोठं चाक फिरतंय, पट्टा सळसळतोय आणि बाप बाजूला उभा आहे. तसं इंजिन चालू असलेलं त्याला एकदा फोटोत धरायचं होतं. बाप नाही तर नाही, निदान चाक तरी. वर्षानुवर्षं शोधत होता. बंद पडलेली सापडायची. चालणारं सापडत नव्हतं.

आणि त्या सोमवारी निरोप आला. वणीच्या अलीकडं, डांबरी सोडून आत एक गाव आहे. नाव सांगत नाही, अजून माणसं राहतात तिथं. तिथल्या पुंजा गिरणीवाल्याचं इंजिन चालतं, पण बुधवारी सकाळी भंगारवाला घेऊन जाणार.

मल्हारीनं रजा टाकली. डिझेलचा कॅन भरून स्टँडवर गेला, तर कंडक्टर चढू देईना.

"काका, देवीला चाललात का एस.टी. पेटवायला?"

"अहो, इंजिनाला पाहिजे. गिरणीच्या."

"मग गिरणीत बसून जा."

अख्खी गाडी हसली. कॅन स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवावा लागला. त्यात जत्रेची गर्दी, दोन गाड्या सुटल्या, आणि हा गावात पोचला तेव्हा दिवे लागायची वेळ झालेली. तिथं दिवे कुठले, लाईट गेलेली होती.

गाव रिकामं होतं. सगळे गडाला निघालेले. पुंजाही डोक्याला पटका बांधून, काठी घेऊन निघायच्या बेतात.

"तुमची वाट बघून थकलो राव," तो म्हणाला. "मी चाललो चालत. ही चावी. हा कंदील. टाकीत थोडं डिझेल हाय, लय नाय. एकदा चालू झालं तर पाव तास खेचील, मग खलास."

"पाव तास पुष्कळ झाला."

"फिटर हाय म्हणता, म्हंजी हॅन्डल मारायचं तुम्हाला सांगाया नको. पन एक ऐका. आधी पट्टा उतरवा. नुसतं इंजिन फिरवा. रिकामं जातं फिरवायचं नाय."

"दगड खराब होतात, माहीत आहे."

पुंजानं पटका आवळला. "दगडाचं सोडा. दगड उद्या भंगारातच चाललाय." एवढंच बोलला आणि देवीचं नाव घेऊन वाटेला लागला.

गिरणी गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. चार पत्रे आणि मातीच्या भिंती. आत इंजिन, पलीकडं जातं, दोघांच्या मधे लांब पट्टा. मल्हारीनं कंदील खुंटीला लावला. इंजिन पुसलं. पाणी भरलं. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर बसवला. फ्लॅश त्याला मारायचा नव्हता, कारण फ्लॅशनं फिरतं चाकही थांबल्यासारखं दिसतं. कंदिलाच्याच उजेडात, जरा वेळ उघडं ठेवून घ्यायचा म्हणजे चाक फिरताना येईल, असा त्याचा हिशेब.

मग त्यानं पट्ट्याला हात घातला. उतरवायला.

आणि नाही उतरवला.

त्याच्या डोळ्यांपुढचा पट्टा सळसळता होता ना. पट्टा नसलेलं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. पाव तासानं काय होतंय, असं म्हणाला मनाशी. तिथं चुकला.

हॅन्डल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुक.

पुक... पुक... पुक...

चाक फिरलं. पट्टा सळसळला. पलीकडं रिकामं जातं घरघरायला लागलं, दगडावर दगड. जळका वास सुटला. बाहेर वाऱ्याची झुळूक नाही, पुनवेच्या आदल्या रातीचं चांदणं पडलेलं, आणि तो आवाज माळावरून, ओढ्यावरून, वाड्यांवरून लांब लांब जात राहिला. मल्हारीचे डोळे भरून आले होते म्हणे. तसाच त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला.

तर आत एक बाई दिसली.

दाराशी, उंबऱ्याच्या आत. उकिडवी बसलेली. पुढ्यात पाटी, पाटीवर फडकं. साठीची असेल. दम लागलेला.

"लय दिसानं आवाज आला," ती म्हणाली. "तशीच उठले नि आले."

मल्हारीला वाटलं, जवळच्या वाडीवरची असेल. देवीला न गेलेली. "मावशी, गिरणी बंद झालीय. मी फोटो काढायला आलोय."

"बंद कशी? फिरती हाय की."

"फिरतेय, पण दळायला नाही. जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

ती उठली, पाटी घेऊन भिंतीला सरकली. ह्यानं पुन्हा डोळा लावला. ती पुन्हा फोटोत. कोपऱ्यात. ह्यानं कॅमेरा वळवला. तरी ती आहेच.

"दळून दे ना, भाऊ. थोडंच हाय. एकटीपुरतं."

आता बघा त्याची पंचाईत. डिझेल संपत आलेलं. धान्य टाकलं की पीठ उडणार, पांढरा धुरळा होणार, त्यात फोटो कसला, कॅमेऱ्याचंही वाटोळं. दळण झालं तर फोटो नाही. आणि उद्या सकाळी इंजिनाचे तुकडे. जन्मभर शोधलेली गोष्ट हातभर लांब उभी.

"आधी माझा एक फोटो होऊ द्या," तो म्हणाला. "मग बघू."

"बरं," ती म्हणाली. "बसते."

आणि बसली. दोन्ही हात पाटीवर ठेवून, खाली बघत. वाट बघायची सवय असलेलं माणूस बसतं तशी.

मल्हारी मला म्हणाला, "आबा, माझं बोट बटणावर होतं. पण आमची ही पण अशीच बसायची. ताट वाढून. मी म्हणायचो, एवढा एक फोटो, आलोच. ती म्हणायची, बरं, बसते. भाजी निवून जायची."

त्यानं कॅमेरा काढला. पिशवीत घातला. पिशवीचं तोंड आवळून बांधलं.

"आणा ती पाटी."

बाजरी होती. त्यानं वरच्या पेटीत ओतली. जात्याचा आवाज बदलला, भरल्या तोंडाचा झाला. खाली पाटी लावली. पीठ पडायला लागलं. सगळीकडं पांढरं झालं. कंदील धूसर. इंजिन धूसर. बाई तर दिसेनाशीच. नुसता आवाज.

"घरी कोन हाय तुझ्या?"

"कुणी नाही."

"भाकरी कोन करतं?"

"कुणी नाही. खाणावळीत जेवतो."

पुक... पुक...

"मीबी नाय थापत. एकटीपुरता तवा तापवायचा म्हंजी... लाज वाटती."

गिरणीत कोणी विचारपूस केली तर माणूस सांगतो. दळण होईस्तोवर दुसरं काय असतं.

"घर कुठं?"

त्यानं सांगितलं. इंदिरानगर, नाशिक. बिल्डिंगचं नाव. दुसरा मजला. डाव्या हाताला.

सांगता सांगता सवयीनं पिठाखाली हात धरला. भरड पडतंय का बारीक, बघायला.

आणि हात तसाच राहिला.

पोरांनो, गिरणीतून पडणारं पीठ गरम असतं. दगडातून येतं ते. हाताला ऊब लागते.

हे गार होतं.

विहिरीच्या तळाच्या मातीसारखं... गार.

"मावशी?"



"मावशी..."

पुक... पुक.........

पुक.

इंजिन थांबलं. पट्टा एकदा हलला नि लोंबला.

पीठ हळूहळू खाली बसलं. कंदील दिसला. इंजिन दिसलं. दार दिसलं, दाराबाहेरचं चांदणं दिसलं. जात्याखाली जमीन दिसली.

पाटी नव्हती.

पिठात पावलं होती, पण ती त्याचीच. तेवढीच.

तो बाहेर आला नाही. आतही नीट बसला नाही. उंबऱ्यावर बसून, चौकटीला पाठ टेकून, पिशवी छातीशी धरून, उजाडेपर्यंत तसाच. कॅमेरा काढायचं त्याच्या मनातही आलं नाही.

सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला. मागून पुंजा आला, कपाळाला गुलाल, हातात नारळाचा प्रसाद. आत डोकावला. सगळीकडं पीठ बघितलं.

"पट्टा उतरवला नव्हता?"

मल्हारीनं मान हलवली.

"कोन आलं होतं?"

"एक बाई. थोडंसं दळण होतं."

"बाजरी?"

"हो."

पुंजा तिथंच खाली बसला. टेम्पोवाला "चला, चला, ऊन व्हायच्या आत" म्हणत होता, त्याच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"झुंबरबाई," तो म्हणाला. "पल्याडच्या वाडीवरची. घरात ती एकलीच. विजेची गिरणी तिकडं मोठ्या गावात झाली, माझ्याकडं कोनी यीना, म्या बंद केली. मग तिनं दळायचंच सोडलं. म्हनायची, एकटीपुरतं एवढ्या लांब काय न्यायचं? चुरमुरं खायची, च्या प्यायची. नायतर नुसती पडून राह्यची." त्यानं पटक्यानं तोंड पुसलं. "तिला जाऊन दोन वर्सं झाली बाबा."

इंजिन टेम्पोत चढवलं तेव्हा दोघं पाठ करून उभे होते.

वणीहून गाडी मिळाली. नाशकात सी.बी.एस. स्टँडला उतरला, सिटी बसनं इंदिरानगरला आला. तोवर टळटळीत ऊन. मी गेटवर होतो. अंगावर पीठ, केसांत पीठ. मी चेष्टेनं म्हटलं, "काय रे, लग्नाची हळद संपली म्हणून पीठ लावलं का?" तो हसला नाही. मला ओळखलं की नाही, तेही कळलं नाही. जिना चढायला लागला. मला काही बरं दिसेना, म्हणून मीही मागं गेलो. पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

दुसऱ्या मजल्यावर त्याचं दार. बाहेरून कुलूप, काल सकाळी लावलं होतं तसंच. त्यानं खिशातून चावी काढली. कुलपाला लावली.

शेजारच्या मोहिनीवहिनी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि तोंडभर हसल्या.

"बरं केलंत हो, मल्हारीभाऊ. कुणाला तरी आणलंत घरात. पहाटे तुमच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज आला, जिवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी भिंतीआडून म्हटलं, भाऊ येतीलच, तर म्हणाल्या, बरं, बसते. आता उभे काय राहिलात? जा की आत. केव्हाच्या ताट वाढून बसल्यात त्या."