बंबवाले आणि चौकोनी घर

“अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर पाहिजे. दिसायला कसंही असू दे, पण छप्पर पाहिजे!”

फिजिओ मॅडमचा तो पहिल्या दिवशीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. हातात कंट्रोलर, समोर स्क्रीनवर चौकोनी डोंगर, चौकोनी ढग आणि माझ्याकडे टक लावून पाहणारी एक चौकोनी मेंढी. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बोटं अशी आखडलेली की देवापुढे हात जोडले तरी एक तळवा दुसऱ्यावर रुसल्यासारखा लांबच राही.

मी आत्याच्या बेकरीत केकवर नक्षी काढते. क्रीमची पिशवी एकसारखी दाबायची, की गुलाबाची पाकळी उमटते. पण बेकरीच्याच ओल्या फरशीवर घसरले आणि पाकळ्या राहिल्या बाजूला, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायची वेळ आली.

“मॅडम, या वयात व्हिडिओ गेम?” मी हळूच म्हटलं.

“रबरी चेंडू दाबायला दिला की माझे पेशंट दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “इथून मात्र त्यांना उठवावं लागतं. बोटं हलली म्हणजे झालं.”

“पण यात जिंकायचं कसं?”

“जिंकायचं नाहीच. झाडं तोडायची, खणायचं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून बांधायचं. आणि अंधारात भुतं निघतात, त्यांच्या तावडीत सापडायचं नाही.”

“बस्स?”

“बस्स. आयुष्यात तरी आणखी काय असतं?” असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटचा गुडघा वाकवायला गेल्या.

मी झाड तोडलं. खालचा बुंधा गेला तरी वरचा शेंडा हवेत तसाच लटकत राहिला. कुणी त्याला पडायला सांगितलंच नव्हतं जणू! गंमत वाटली. आणखी एक तोडलं, मग आणखी एक... आणि एकदम लक्षात आलं, चौकोनी सूर्य डोंगराला टेकलाय. छप्पर? कुठलं छप्पर! समोरच्या टेकडीतच बीळ करून बसावं म्हणून मी भराभरा खणत सुटले. खणता खणता भिंत फुटली, आणि पलीकडच्या काळोखात कुणीतरी मशाल घेऊन उभं!

मी किंचाळले. आणि हातातल्या फावड्याने त्याला मारत सुटले.

“अहो! अहो, मारताय काय!” हा आवाज स्क्रीनमधून नव्हता. माझ्या खुर्चीशेजारच्या हिरव्या पडद्यापलीकडून होता. “भूत नाही मी! आधीपासून राहतोय इथे!”

माझा हात थांबला. “माफ करा... मला वाटलं या जगात मी एकटीच आहे.”

“मलाही तसंच वाटत होतं. बरं झालं, एकटा नाहीये.”

पडदा सरकला. त्याच्याही समोर स्क्रीन होती, त्याच चौकोनी जगाची. उन्हाने रापलेला चेहरा, मिश्कील डोळे, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.

“आता माझी भिंत तुम्ही फोडलीत,” तो म्हणाला. “भरून देणार, की इथेच राहणार?”

“बाहेर अंधार आहे,” मी स्क्रीनकडेच बघत म्हटलं. “उजाडलं की जाईन.”

“सगळे असंच म्हणतात.”

उजाडलं. खेळातलं उजाडायला वेळ लागत नाही. पण मी गेले नाही.

तो अग्निशमन दलात होता. त्याचं केंद्र लांब, दुसऱ्या शहरात. शिडीवरून उतरताना दोराच्या वेढ्यात बोटं सापडली, म्हणून उपचारासाठी इथे बहिणीकडे येऊन राहिला होता. पकड पुरेशी भरली, तर पुन्हा तिकडे शिडीवर. नाही भरली, तर इथल्याच मुख्य कचेरीत टेबलाशी बसायचं. मी त्याला बंबवाले म्हणू लागले, तो मला केकवाल्या बाई. खरी नावं मॅडमच्या फाइलीत होती, तिथेच राहिली.

तळ्याकाठी आम्ही घर बांधायला घेतलं. लाकडाचं, माझ्या हट्टाने. मी छपराच्या कडेला केकसारखी नक्षी करत बसायची आणि तो खाली खाणीत उतरून कोळसा, लोखंड असलं काय काय घेऊन यायचा.

“एक विचारू?” तो एकदा म्हणाला. “त्या एका खिडकीपाशी तुम्ही कालपासून आहात. आपल्याला कुणी बक्षीस देणार आहे का?”

“माझं काम सकाळी होतं आणि संध्याकाळी लोक ते कापून खातात,” मी म्हटलं. “चांगलं जमलं तर लवकर खातात. इथे काल ठेवलेला ठोकळा आज तिथेच असतो. तुम्हाला नाही कळायचं ते सुख.”

“मला?” तो हळूच म्हणाला. “मी पोचतो तेव्हा बहुतेक घर पडत असतं, बाई. घर उभं राहताना बघायची मला सवयच नाही. ...करा तुमची खिडकी. सावकाश करा.”

त्या दिवशी मी खिडकी तीनदा मोडून पुन्हा बांधली. उगीचच.

आता माझा एक नेम सांगायला हवा. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही. आत्या म्हणते, “म्हणूनच सकाळचं साठलेलं सगळं दुपारी माझ्या पानात पडतं.” आमच्या व्यायामाची वेळ मात्र बाराच्या आतली. बंबवाल्यांना हे कळलं, आणि त्यांच्या अंगात आलं. माझ्या मेंढ्या निळ्या रंगवून झाल्या. माझ्या दारात खड्डा खणून झाला.

“चिडा ना,” तो म्हणायचा.

“छान खणलाय,” मी म्हणायची. “कडा किती सरळ आल्यात.”

आणि मग ते आगीचं झालं.

त्या सकाळी मी आले तर साहेब आधीच हजर, आणि चेहरा असा की आता टाळ्या मिळणारच. “आत या,” तो म्हणाला, “तुमच्यासाठी चूल केलीय. घरात ऊब हवी.”

मी आत गेले. खरोखर सुंदर चूल होती. लाकडी जमिनीवर. लाकडी भिंतीला खेटून. लाकडी छताखाली. आणि त्याने ती पेटवली होती.

“बंबवाले...” मी म्हटलं. “छताचा तो कोपरा लाल का दिसतोय?”

“प्रकाश पडलाय.”

“तो प्रकाश पसरतोय.”

“अरे बाप रे!” तो खुर्चीतून उठलाच. “मागे व्हा! सगळे मागे व्हा! पाणी!” पलीकडे गुडघा वाकवत बसलेले आजोबा खरोखर मागे सरकले. बंबवाल्यांनी बादली उचलली, धावत आले आणि मोठ्या शिताफीने आगीवर ओतली... खाणीतून आणलेला उकळता लाव्हा.

माझी खिडकी गेली. नक्षी गेली. निळ्या मेंढ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

“दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या होत्या,” तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. “घाईत... हे कुणाला सांगू नका हं. नोकरी जाईल.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायचे होते. ओठ मिटले. श्वास घेतला.

“किती,” मी म्हटलं, “लख्ख उजेड पडलाय.”

मॅडम दाराशी उभ्या राहून पोट धरधरून हसत होत्या. तेवढ्यात खेळातल्या आभाळातून पाऊस सुरू झाला, सरळ रेघांचा, न बोलता आपलं काम करणारा. आग विझली.

“बघा,” मी म्हटलं, “याला म्हणतात अग्निशमन.”

“हे टाकून बोलणं झालं!” तो ओरडला. “बाराच्या आत! मोडला नेम!”

“मी पावसाचं कौतुक केलं,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसता हसता थांबून पाहिलं. मी पटकन नजर वळवली, पण वळवून ठेवायची कुठे? समोर तर जळकं घर होतं.

दुसरं घर दगडाचं बांधलं. आणि ते बांधता बांधताच माझ्या मनात चोर शिरला.

मॅडमनी त्याची पकड मोजली. मुठीत धरून दाबायचं एक यंत्र असतं, त्यावर काटा फिरतो. “अजून कच्ची आहे,” त्या भुवया आकसून म्हणाल्या. “आश्चर्य आहे. उद्या पुन्हा बघू.” आणि मला... मला आनंद झाला! रोज देवापुढे बसणारी मी, त्या संध्याकाळी डोळे मिटले आणि चक्क मागितलं, देवा, कच्चीच राहू दे. बाकी नेहमीसारखं सगळ्यांचं भलं कर. म्हणजे सगळ्यांचं भलं आणि एकाचं तेवढं राहू दे! उठले तेव्हा देवाकडे वर बघायचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला क्रीमची पिशवी घेऊन बोलावलं होतं. माझी बोटं कितपत सुटलीत ते बघायला. मी क्रीम आणलं, केकच्या गुलाबी रंगाची बाटली आणली, पण बाटलीचं झाकण वाळून घट्ट बसलेलं. मी दात-ओठ खाऊन बघितलं. हलेना.

“आणा इकडे,” तो म्हणाला. लक्ष स्क्रीनवर होतं त्याचं. डाव्या हातात कंट्रोलर, म्हणून बाटली मांड्यांत धरली आणि उजव्या हाताने झाकण पिरगाळलं. टक्.

दोघंही त्या झाकणाकडे बघत बसलो.

“काल पकड कच्ची होती ना?” मी विचारलं.

“काल होती...”

“आणि आज?”

“आज... गुलाबी रंग आहे, त्याची गोष्ट वेगळी.”

“बंबवाले.”

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. “पूर्ण दाबलं नाही,” तो म्हणाला. “अर्ध्यावर सोडलं.”

“का?”

“पास झालो असतो.”

मी झाकण परत बाटलीवर ठेवलं. घड्याळाकडे पाहिलंही नाही.

“तुमचं गप्प बसणं फार मोठ्याने ऐकू येतंय मला,” तो म्हणाला.

“तिकडे कुणी गच्चीवर अडकलं असेल,” मी शक्य तितक्या हळू म्हटलं. “आणि शिडीवर एक माणूस कमी असेल. त्यांना काय सांगायचं? आमचा माणूस दगडी घर बांधतोय?”

त्याने मान खाली घातली. आणि तो असा मान खाली घालून बसलेला मला बघवेना.

“मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही,” मी म्हटलं. “मी... काल मागितलं. देवाकडे. तुमची पकड भरू नये म्हणून.”

त्याने झटकन वर पाहिलं. “तुम्ही?”

“हो.”

“माझ्या हाताविरुद्ध?”

“हो म्हटलं ना! आता किती वेळा वदवून घेणार?”

तो असा हसला, असा हसला, की पलीकडून मॅडमनी “काय मोडलं रे आता?” म्हणून विचारलं. हसू ओसरलं तसा तो थोडा जवळ सरकला. “स्क्रीनकडे बघा जरा,” तो म्हणाला. “वरच्या खोलीत जा.”

मी दगडी घराचा जिना चढले. वर खिडकीखाली माझी खाट होती. आणि तिच्या शेजारी दुसरी.

या खेळात माणूस कड्यावरून पडो, बुडो, भुतांच्या हाती सापडो, पुन्हा उठतो तो आपल्या खाटेवर. इतके दिवस त्याची खाट त्या टेकडीच्या बिळातच होती. मी कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी हलवली नव्हती.

“आता कुठेही मेलो तरी,” तो म्हणाला, “उठणार इथेच.”

“हे... सांगणं झालं की विचारणं?”

“विचारणं. घाबरत घाबरत.”

“आगीत शिरताना घाबरत नाही तुम्ही.”

“तिथे हेल्मेट असतं हो.”

“खेळात ठीक आहे,” मी म्हटलं. “खऱ्यात?”

“खऱ्यात माणूस एकदाच मरतो. म्हणून तर उठायची जागा नीट विचारून ठरवतोय.”

मी क्रीमची पिशवी उचलली आणि उगीच ताटलीवर दाबली. एक पाकळी उमटली. जरा वाकडी, पण पाकळीच.

“उत्तर देईन,” मी म्हटलं. “पण आधी शब्द द्या. आज दाबायचं ते पूर्ण. अंगात असेल तेवढं.”

“मग मला जावं लागेल.”

“लागेल.”

“तुम्हाला चालेल?”

“नाही चालणार,” मी म्हटलं. “पण तरी दाबायचं.”

त्याने ताटली स्वतःकडे ओढून माझी वाकडी पाकळी बघितली. “दिला शब्द,” तो म्हणाला. “आता उत्तर?”

“केक,” मी दुसरी पाकळी काढत म्हटलं, “सगळ्याच शहरांत कापतात.”

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. “आणि... आत्या?”

“आत्याला मी सांभाळीन. तुम्ही तिच्या घरात चूल तेवढी पेटवू नका.”

“बंबवाले! चला, मोजून घेऊ!” आतल्या खोलीतून मॅडमची हाक आली.

मला वाटलं, आता जाता जाता काहीतरी वात्रटपणा करणार. काही केला नाही. त्याने तळहात पँटला पुसला, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली, मूठ एकदा उघडली, एकदा मिटली. माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. मग उठला आणि पावलांचा आवाज न करता आत गेला.