पाण्यातला ठिपका

किनाऱ्याच्या रस्त्याने निघालात की दर मोठ्या गावाला एक पर्यटक माहिती केंद्र लागतं. एखादं बसस्थानकाला टेकून उभं, एखादं धक्क्यावरच्या जुन्या गोदामात, एखादं म्हणजे नुसती टपरीच. आत काउंटर, होड्यांचं वेळापत्रक, माहितीपत्रकांचा लोखंडी स्टँड आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेला सगळ्या किनाऱ्याचा नकाशा. त्या नकाशावर एक लाल ठिपका असतो. खाली लिहिलेलं असतं, ‘आपण येथे आहात’.

आत आलेला माणूस आधी स्वच्छतागृह कुठे ते विचारतो आणि मग सरळ नकाशाकडे जाऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवतो. कुणी शिकवत नाही, पण प्रत्येक जण ठेवतो. पोर ठेवतं, म्हातारा ठेवतो, वाटेत भांडलेलं जोडपं आळीपाळीने ठेवतं. बोटं लागून लागून हंगाम संपेपर्यंत ठिपका झिजून जातो आणि खालचा पांढरा चुना दिसू लागतो. सगळा किनारा ठाऊक असलेल्या नकाशाला मग तेवढी एकच जागा सांगता येत नाही, तो स्वतः उभा आहे ती.

हे ठिपके दर वर्षी पुन्हा द्यायचं काम एकाच पेंटरकडे होतं. यंदा त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, हातही कापायला लागला. तेव्हा त्याने रंगांची पेटी भाच्याच्या पुढ्यात सरकवली.

भाचा नववीत शाळेला रामराम ठोकून मामाकडे राहायला आला होता. अंगाने आडवा, स्वभावाने लाजाळू. दुकानात गिऱ्हाईक आलं की हा ब्रश धुवायला मागे पळायचा. हात मात्र सोन्याचा. पण किनाऱ्यावर त्याला सगळे ‘पेंटरचा भाचा’ म्हणूनच ओळखत. नकाशाच्या कोपऱ्यात मामाचं नाव असायचं. त्या कोपऱ्यात आपलं नाव यावं, एवढं एकच स्वप्न त्याने आयुष्यात पाहिलं होतं. आणि मामाच्या तोंडून कधीतरी ‘शाबास’ ऐकायचं होतं. मामाकडून शाबासकी मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. काम फारच चांगलं झालं तर तो म्हणायचा, “ठीक आहे. ब्रश धू.”

निघायच्या दिवशी भाच्याने पांढराशुभ्र शर्ट इस्त्री करून घातला.

“रंगवायला चाललायस की मुलगी बघायला?” मामीने विचारलं.

भाचा कानापर्यंत लाल झाला. मामा हसला नाही. म्हणाला, “रीत ठाऊक आहे ना? ठिपका ब्रशने द्यायचा नाही, अंगठ्याने द्यायचा. आणि दिल्यावर वाळेपर्यंत मागे वळायचं नाही. वळताना बाही लागते.”

“हो मामा.”

“आणि शेवटच्या केंद्रात ठिपके दोन द्यायचे.”

“दोन? एका जागी माणूस दोन ठिकाणी कसा असेल?”

“दुसरा कुठे द्यायचा ते भिंत सांगेल,” मामा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

डोळ्यांबरोबर मामाचं डोकंही मावळायला लागलं, असं भाच्याच्या मनात आलं. त्याला वाईट वाटलं. पण कामाची धुंदी अशी की पहिल्या केंद्रावर पोचेपर्यंत तो ते विसरूनही गेला.

पहिल्या केंद्रातला कारकून त्याच्या मागे उभा राहून केळं खात बघत होता. भाच्याने नुसता ठिपका दिला नाही, उडालेली गावांची नावं उजळली, दीपगृहाला नवा पांढरा हात दिला. कारकून म्हणाला, “भाचे, तुझा समुद्र मामांपेक्षा निळा आहे हं!” पुढच्या बसमध्ये भाचा खिडकीशी बसून हेच वाक्य सुपारीसारखं चघळत राहिला. दुसऱ्या केंद्रात साहेबाने बाहेरच्या पर्यटकांना आत बोलावून नकाशा दाखवला. तिसऱ्या केंद्रात एका मुलीने ओल्या रंगाला हात लावला, तरी त्याला राग आला नाही. छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं ताणली जात होती.

शेवटचं केंद्र रस्ता संपतो तिथे आहे. पुढे कडा, आणि कड्याखाली पाणी. दुपार कलल्यावर भाचा तिथे पोचला. हंगाम सरला होता. खिडक्यांच्या काचांवर खाऱ्या वाऱ्याची पांढुरकी साय धरली होती. केंद्र एक बाई सांभाळत. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

“पेंटरचा भाचा ना? ये रे बाळा. मामांनी सगळं सांगितलं असेलच,” त्या म्हणाल्या. “मी शेवटच्या बसपर्यंत या मंडळींना सोडून येते. नाहीतर ही कड्यावर फोटो काढत बसतील.” आणि चार-पाच पर्यटकांना कोंबड्यांसारखं हाकत त्या बाहेर पडल्या.

भाचा नकाशासमोर उभा राहिला. इथला लाल ठिपका फारसा झिजलेलाच नव्हता. पण जमिनीपासून दूर, भर समुद्रात, जिथे ना बेट ना खडक, तिथे तळहाताएवढा रंग गेला होता. नुसता गेला नव्हता, तिथला चुनाही बोटांनी खोलगट झाला होता, घासून घासून पाट झिजावा तसा. त्याने हात लावून पाहिला. भिंत ओली होती.

मामाचं बोलणं त्याला आठवलं. नाही असं नाही. पण तो मनाशी म्हणाला, पाण्यात ठिपका दिला तर लोक काय म्हणतील? पेंटरच्या भाच्याला जमीन आणि समुद्र कळत नाही? ओल आली असेल, पोपडा उडाला असेल. त्याने फडक्याने जागा कोरडी केली, खळग्यात भिंत बुजवायची लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि आपला तो नावाजलेला निळा रंग काढून त्या जागेपासून पार खालपर्यंत हात दिला. इतका सुरेख समुद्र त्याने आयुष्यात रंगवला नव्हता. जोड कुठे आहे ते त्याचं त्यालाही सापडेना.

बाई परत आल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“हे काय केलंस रे?”

“छान झालंय ना?” भाचा म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला धीर लागला होता.

“पूस ते.”

“बाई…”

“बाळा, फार वर्षांपूर्वी इथून पर्यटकांची एक होडी निघाली होती. कडा समुद्रातून बघायला. ती परत आली नाही.” बाईंचा आवाज खाली गेला. “आपल्या केंद्रातच तिकिटं काढली होती त्यांनी. मी नवीनच लागले होते. मीच फाडून दिली… दिवस बुडला की येतात. कुठे आहोत ते बघतात. बोट ठेवतात आणि जातात. सापडलं की जातात रे. कधी कुणाला त्रास नाही.”

भाच्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. नवख्याची करतातच. पण बाई काउंटरमागे जाऊन बसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला, साडी नीट केली, माणूस यायच्या वेळी करतात तशी. दार त्यांनी नुसतं लोटून घेतलं होतं, कडी लावली नव्हती.

“इतकी वर्षं एकटी आहे मी इथे,” त्या म्हणाल्या. “बदली घे म्हणाले, घेतली नाही. आलेल्या माणसाला जागा दाखवणं आपलं काम. कोण आलंय ते विचारायचं नसतं.”

त्या मान ताठ ठेवून बसल्या होत्या.

बाहेरचा उजेड गेला. आतला एकच दिवा पिवळा झाला. वारा पडला होता, तरी स्टँडवरची माहितीपत्रकं एकामागून एक फडफडली, कुणी चालत जाताना बाही घासावी तशी. मग वास आला. शेवाळाचा, भिजलेल्या दोराचा आणि बंद पेटीत बरेच दिवस राहिलेल्या कपड्यांचा.

दार उघडलं नव्हतं.

भाचा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्या सुरेख, ओल्या निळ्या रंगावर एक रेघ उमटली. बोटाची. मग दुसरी. बोटं चाचपडत होती. वर गेली, खाली आली, पुन्हा त्याच जागी आली. आंधळ्याने उंबरा शोधावा तशी. मग जास्त बोटं आली. काही रेघा अगदी खाली होत्या, लहान मुलाच्या उंचीवर. निळा रंग भिंतीवरून ओघळायला लागला.

“लवकर…” मागून बाई कुजबुजल्या. “जागा सापडल्याशिवाय ती माणसं बाहेर नाही जायची…”

आणि त्याच्या कानाशी, ओल्या श्वासाने, कुणीतरी विचारलं, “पेंटर… आम्ही कुठे आहोत?”

पेंटर. भाचा नाही. पेंटर.

तो शब्द ऐकल्यावर भाच्याचा हात आपोआप हलला. जगात पहिल्यांदा कुणी त्याला या नावाने हाक मारली होती आणि काम त्याचंच चुकलं होतं. त्याने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि आपला सगळ्यात सुंदर समुद्र पुसून काढला. पुसताना त्या बोटांना त्याचा हात लागत होता. ती थंड होती. बाजूला मात्र होत नव्हती. लांबी खरवडली, तशी ती खोलगट पांढरी जागा पुन्हा उघडी झाली. त्याने अंगठा लाल रंगात टेकवला. अंगठा कापत होता. मामाचाही असाच कापत असेल, असं त्याला वाटलं, आणि तो कापायचा थांबला.

त्याने भर पाण्यात ठिपका दिला. नीट, गोल, भरीव.

“आपण…” तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, “आपण येथे आहात.”

खोली एकदम गप्प झाली. मग त्याच्या अंगठ्याशेजारून एकेक बोट येऊन त्या ठिपक्यावर टेकलं आणि गेलं. रंग ओला असून एकही डाग पसरला नाही. मागे वळायचं नाही. भाचा डोळे मिटून ठिपक्यावर फुंकर घालत राहिला. वास कमी होत गेला. माहितीपत्रकं पुन्हा फडफडली, या वेळी दाराच्या दिशेने.

आणि जाता जाता कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. हळूच नाही. चांगली भरघोस, घरातल्या वडीलधाऱ्याने कौतुकाने मारावी तशी.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या घडीला भाच्याची छाती भीतीने धडधडत होती त्याहून जास्त अभिमानाने भरून आली होती.

“गेले,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. “चहा घेणार ना, पेंटर?”

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा मामा खाटेवर बसला होता. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पाच बोटांचा पंजा उमटला होता. निळ्या रंगाचा नाही, पाण्याचा. बसमध्ये दिवसभर ऊन खाऊनही तो वाळला नव्हता.

“अगं बाई, कुठे टेकलास रे? काढ तो, भिजत घालते,” मामी म्हणाली.

“राहू दे,” मामा म्हणाला. त्याने भाच्याला जवळ बोलावलं, पाठीवरून कापरा हात फिरवला आणि पंजा लागताच थांबला. मग म्हणाला, “शाबास.”

भाच्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

“पुढच्या वर्षी कोपऱ्यात तुझं नाव लिही,” मामा म्हणाला. “पण खालच्या कोपऱ्यात नको, तिथे पाणी आहे. जमिनीवर लिही.”

मग त्याने खुंटीवरचा आपला जुना रंगकामाचा कोट काढायला सांगितला. भाचा जन्मात त्या कोटाला शिवला नव्हता. मामा शिवू देत नसे. त्याने तो उचलला, तर तो जड लागला, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा. पाठीवर पंजेच पंजे होते. एकावर एक, खांद्यापासून कमरेपर्यंत, मोठे, लहान, अगदी इवलेसेही, एकासारखा दुसरा नाही, आणि तसूभर कोरडी जागा नव्हती.

“पहिल्या वर्षी एकच होता,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. “कमाई आहे ही माझी.”

भाचा कोट हातात धरून उभा राहिला. बाहीतून एक थेंब जमिनीवर पडला. मग त्याने हळूच विचारलं, “मामा, त्या होडीत माणसं किती होती?”

मामाने पडदा आलेले डोळे त्याच्याकडे वळवले.

“एवढी नव्हती,” तो म्हणाला.