झेनोनच्या समोरचं पान

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. तुम्ही पोरं हसाल म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. पण झेनोन बाता मारणाऱ्यातला नव्हता. अठरा वर्षं तो आमच्या बियाविस्तोकच्या वर्कशॉपमध्ये बेकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करत होता, आणि हे त्याने एकदाच सांगितलं, तेही खाली मान घालून.

दोन हजार एकोणीस, दोन नोव्हेंबर. शनिवार. आपल्या गेलेल्या माणसांचा दिवस. सुवाल्कीतल्या एका बेकरीचं कणीक मळायचं यंत्र सकाळीच बंद पडलं आणि जायला झेनोनच तयार झाला. बाकी सगळे थडग्यांवर दिवे लावायला निघालेले. त्याला कुठे जायचं होतं? अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेला माणूस. छप्पन्न वर्षांचा झाला, बायको नाही, पोर नाही. ज्याचं जिवंत कुणी नसतं त्याची निदान मेलेली तरी कुणी असतात. याची तीही नव्हती.

काम तीनला उरकलं. परत येताना साडेचारलाच काळोख पडला. आउगुस्तूफ मागे टाकल्यावर जंगलाच्या कडेला एक लहानसं कबरस्तान लागलं. दिव्यांनी नुसतं पेटलेलं. का कोण जाणे, झेनोन थांबला. फाटकाशी दिवे विकत होते, त्यातला एक घेतला. कुंपणाच्या कोपऱ्यात एकच थडगं अंधारात होतं. गंजलेला क्रूस, नाव पुसून गेलेलं. तिथे त्याने दिवा लावला. थोडा वेळ उभा राहिला.

"चला," स्वतःशीच म्हणाला, "भूक लागली."

दोन किलोमीटरवर रस्त्याकडेच्या एका घरात खाणावळ उघडी दिसली. बोगुश आणि हालिना, नवराबायको, वर राहायची नि खाली पाच टेबलं चालवायची. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"बसा दादा," हालिना म्हणाली. "काय आणू?"

"काय असतं तुमच्याकडे?"

"काय असतं म्हणजे? आपलंच, पोलिश, घरचं. झुरेक सूप आहे, बटाट्याचे कार्ताचे आहेत."

"मी खाल्लं नाही कधी. आश्रमात वाढलो. नंतर पेट्रोलपंपावरचं सॉसेज."

"अगं बाई! तरीच चेहरा असा पंपासारखा झालाय. बोगुश, ऐकलंस का? या माणसाने उभ्या जन्मात घरचं झुरेक खाल्लं नाही!"

आतून बोगुश ओरडला, "मग दोन पळ्या जास्त वाढ!"

तिने वाफाळलेला वाडगा आणला. राय धान्याचं आंबवलेलं पीठ घालून केलेलं आंबटसर सूप, त्यात अर्धं उकडलेलं अंडं, वर लसणाचा वास. झेनोनने एक चमचा तोंडात घातला आणि त्याचा हात थांबला. इतकी वर्षं दर घराच्या खिडकीतून जो वास येई आणि ज्याचं नाव त्याला माहीत नव्हतं, तो हाच.

हालिना दुसरा वाडगा घेऊन आली. त्याच्या समोर ठेवला. रिकाम्या खुर्चीपुढे.

"मी एकटाच आहे," झेनोन म्हणाला.

"हो का? आणि मावशींना काय हवा खायला आणलंत?" ती हसत आत गेली.

त्याला वाटलं, थट्टा. तो भराभर खात राहिला. मग कार्ताचे आले. बटाट्याचे मुठीएवढे गोळे, आत मांसाचं सारण, वर कुरकुरीत चरबी. तेही दोघांना. बोगुश हात पुसत बाहेर आला, समोरच्या खुर्चीकडे वाकला.

"मीठ बरोबर आहे ना, मावशी?"

त्याने कान दिला.

बोगुशने मान डोलावली. मग झेनोनकडे बघून हसला. "सावकाश खा म्हणतायत. कुणी ओढून नेणार नाही."

झेनोनने काटा खाली ठेवला. आश्रमात असंच खावं लागायचं. भराभर. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं... त्याने हळूच वर पाहिलं. खुर्ची रिकामी. समोरच्या वाडग्यातलं सूप निम्मं झालेलं.

"वहिनी..." त्याने विचारलं. "कशा दिसतात त्या?"

"कोण?"

"या... समोरच्या."

हालिनाने खुर्चीकडे पाहिलं. पाहतच राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"डोक्याला रुमाल आहे. बुटांना माती. ओली..." आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. बोगुशचा हातही वर गेला.



मग हालिना कुजबुजली, "कुठून आणलंत, दादा?"

झेनोनने सांगितलं. बोगुशने पैसे घेतले नाहीत. दार उघडून धरलं... बराच वेळ उघडं धरलं. दोन माणसं जातील इतका वेळ.

"जिथून आणलंत तिथे सोडा," एवढंच म्हणाला.

झेनोनने गाडी सुरू केली. गाडी पिं पिं करू लागली. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की करते तशी.

त्याने तिकडे पाहिलं नाही.

"पट्टा..." तो म्हणाला. "पट्टा लावा."

आवाज थांबला.

दोन किलोमीटर. काचेवर वाफ. त्याच्या बाजूला नव्हे, पलीकडे... फाटकाशी तो उतरला, पलीकडचं दार उघडलं. दिवे अजून जळत होते. माणूस एकही नव्हता.

"आलं तुमचं घर," तो म्हणाला.

नुसता वारा.

त्याला भीती वाटली, तशी आणखी एक गोष्ट वाटली. ती सांगताना त्याने तोंड फिरवलं होतं. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर बसून कुणीतरी जेवलं होतं. आणि तो तिला थंडीत सोडून चालला होता.

दार लावलं. घरी येईपर्यंत गाडी गप्प होती. कोट खुंटीला अडकवला नि दिवा चालू ठेवूनच झोपला.

सकाळी कोट घालायला घेतला. आतल्या खिशाचं अस्तर कित्येक वर्षं फाटलेलं होतं. त्याच्या घरात ना सुई, ना दोरा.

अस्तर शिवलेलं होतं. काळा दोरा, बारीक, एकसारखे टाके. शेवटी दोरा कात्रीने कापला नव्हता. दाताने तोडला होता.

टोक अजून ओलं होतं.