खिशातला अक्रोड

दंतवैद्याच्या खुर्चीत बसून माणसाने भांडू नये, हे मला मान्य आहे. पण भांडण मी काढलंच नव्हतं!

उजवीकडची खालची दाढ ठणकत होती म्हणून वहिनीने सांगितलेल्या दवाखान्यात गेले. बाहेर पावसाची भुरभुर, आत औषधाचा वास, आणि डॉक्टर... तरुण निघाले. तोंडावर मास्क, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे. आणि ते डोळे माझ्या दाढेआधी माझ्या पिशवीकडे गेले. पिशवीवर 'राखाडी हातमोजे'चं पोस्टर छापलेलं होतं.

'राखाडी हातमोजे' म्हणजे सगळ्या गुन्हेगारी सिनेमांचा बाप. मला तो तोंडपाठ आहे. ज्याला तो आवडत नाही, त्याच्याशी माझं फारसं जमत नाही.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. मी केला. भूल चढली, गालात कापूस बसला, आणि मग ते अगदी सहज म्हणाले, "सिनेमा बरा आहे. पण लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय."

"आँ!"

"दुखलं?"

"आँ आँ!"

"मग राग आलाय," ते म्हणाले आणि डोळ्यांनी हसले. "आता तो अक्रोडाचा सीनच घ्या."

तो सीन कोणाला माहीत नाही! टोळीचा म्हातारा म्होरक्या फितुरासमोर बसतो. एक शब्द बोलत नाही. हातमोज्यातली मूठ तोंडाशी नेतो आणि दाढेखाली अक्रोड फोडतो – कट्ट! तेवढ्यावर फितूर सगळं ओकून मोकळा होतो.

"सुरुवातीला त्याच म्हाताऱ्याची कवळी उशाशी पेल्यात दिसते," डॉक्टर म्हणाले. "वरची आणि खालची. म्हणजे तोंडात स्वतःचा दात एक नाही. कवळीने अक्रोड फोडला असता तर आधी कवळीच फुटली असती. ज्या सीनवर एवढं नाव कमावलं, तोच पोकळ! ...चूळ भरा."

मी रेडिओवर काम करते. बोलण्याचाच पगार घेते. घरात मला सगळे 'टकळी' म्हणतात. आणि या माणसाने मला तोंड उघडायला लावून गप्प केलं होतं!

त्यात महिनाभराने एका शनिवारी माझा कार्यक्रम होता, याच सिनेमावर. 'एवढं नाव झालं, पण ते साजतं का?' हा विषय. उत्तर मी आधीच ठरवलं होतं... आणि आता घशात कवळी अडकली होती.

रूट कॅनाल एका फेरीत होत नाही, हे त्या दिवशी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी वेळेआधीच पोहोचले, मुद्दे घोकून. खुर्चीत बसता बसता निम्मे सांगून टाकले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि कापूस भरल्यावरच उत्तर द्यायला सुरुवात केली.

कापूस निघाल्यावर मी म्हणाले, "हा अन्याय आहे."

"आमच्या धंद्यात एवढीच तर मजा आहे."

हळूहळू त्यांना माझं 'आँ'सुद्धा कळायला लागलं. "हे 'तुम्हाला सिनेमातलं काय कळतं' असं होतं ना?" – होतं! भूल दिलेल्या ओठावरून पाणी ओघळलं, मला कळलंही नाही; त्यांनी ते अलगद टिपलं. माझे पुढचे सगळे मुद्दे तिथेच विरघळले.

मग दाढेवर टोपी बसली. "झालं," ते म्हणाले. "आता यायची गरज नाही."

चांगली बातमी होती. वाईट सांगितल्यासारखी सांगितली त्यांनी. मी ऐकलीही तशीच.

शनिवारच्या आदल्या दुपारी वहिनीला शेजारी बसवून मी सिनेमा पुन्हा लावला. या वेळी चाहती म्हणून नाही, डॉक्टरांच्या डोळ्यांनी बघत होते. मधली पळापळ फारच लांबलेली. नायिकेला काही कामच नाही. वहिनी तर घोरायला लागली. मग अक्रोड आला. कट्ट! नेहमी मी फितुराचा चेहरा बघते. त्या दिवशी म्हाताऱ्याचा हात बघितला. मुठीत दोन अक्रोड होते. एकमेकांवर दाबले की एक फुटतोच! म्हाताऱ्याने फुटलेला टेबलावर टाकला आणि दुसरा, अख्खा, हळूच खिशात सरकवला.

"वहिनी! दात लागलेच नाहीत! थाप होती ती!"

"कोणाचं लग्न?" वहिनी दचकून उठली.

शनिवारी मी रेडिओवर सांगितलं, "इतकी वर्षं आपण त्या म्हाताऱ्याच्या क्रूरपणाला टाळ्या दिल्या. तो क्रूर नव्हता. दात पडलेला, घाबरलेला माणूस होता. भीती दिसू नये म्हणून आवाज करत होता. मधला भाग कंटाळवाणा आहे, कबूल. पण नाव साजतं. आपण भलत्याच गोष्टीसाठी दिलं होतं, एवढंच. आणि हे मला एका दंतवैद्यांमुळे दिसलं."

फोन बरेच आले. तो एक आला नाही. रविवार गेला, सोमवार गेला... मंगळवारी वहिनी म्हणाली, "टकळी, तू जेवताना बोलत नाहीयेस. दाढ दुखतेय का?"

देव भलं करो वहिनीचं!

संध्याकाळी मी पुन्हा त्याच खुर्चीत. "फार दुखतंय हो, डॉक्टर."

"कुठे?"

मी गाल धरला. त्यांनी आरसा आत घातला, दाढांवर हलकेच ठोकून पाहिलं. मग मास्क खाली केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच... गालाला खळी होती.

"आपण उजवी दाढ केली होती," ते म्हणाले. "तुम्ही डावा गाल धरलाय."

मी डोळे मिटून घेतले.

"तुमचा अक्रोड खिशातून डोकावतोय."

"ऐकलात कार्यक्रम?" आरशाच्या कडेने मी कसंबसं विचारलं.

"ऐकला. मग सिनेमाही पुन्हा पाहिला. हरलो मी. फोन हातात घेतला होता, पण पेशंटला फोन करायचा तर कारण हवं. तुमची दाढ इतकी छान झाली होती की कारणच उरलं नव्हतं." त्यांचे कान लाल झाले होते. "रविवारी थिएटरात पुन्हा लागतोय. दोन तिकिटं काढलीत. सिनेमा संपल्यावरही... मला तुमच्याशी भांडत राहायचंय. रोज. याल?"

त्यांनी आरसा बाहेर काढला. कापूस नव्हता, भूल नव्हती. "आता बोला," ते म्हणाले.

आणि बोलण्याचा पगार घेणाऱ्या मला एक शब्द सापडेना. मी नुसतं म्हणाले, "आँ."

"कळलं," ते म्हणाले.