अर्धी आठळी

दीपानं पिंजरा ओसरीवर ठेवला आणि वरचं ओलं फडकं काढलं. आत लाकडाच्या भुशात तपकिरी रंगाचं, मुठीएवढं काहीतरी अंग चोरून बसलं होतं.

"उंदीर?" कृष्णनाथनं विचारलं.

"उंदीर न्हय बाबा, हॅमस्टर. म्हापशाच्या दुकानांतल्यान हाडला."

"उंदीर येतात म्हूण तुजी आवय माजर पोसताली. आनी तू पैसे दिवन उंदीर हाडता?"

दीपा हसली नाही. ती बापाच्या मनगटाकडे बघत होती. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावूनही घड्याळ कोपराकडे घसरत होतं.

"हो जेवलो की मगीर तू जेव," पिंजऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "चवथी आदीं येतां तेन्ना तू असोच सुकिल्लो दिसलो जाल्यार घराक कुलूप. म्हापशां येवपाचें. मगीर तुजें कांय आयकूंचें ना."

कृष्णनाथनं घड्याळ वर सरकवलं. पेडण्याच्या बाजारापासून चालत येण्याजोगं हे घर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सुमंगलानं, गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी बांधलं होतं. तो वीज खात्यात लाइनमन होता, दिवसभर खांबावर असायचा. चिरे उतरवून घेण्यापासून गिलाव्यावर पाणी मारण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं. माघात ती गेली. तेव्हापासून त्यानं चूल म्हणून पेटवली नव्हती. सकाळी पोदेर सायकलवरून पाव देऊन जाई. त्यातला अर्धा तो चहात बुडवी, उरलेला कुत्र्याला घाली. भूक लागत नाही त्याला तो काय करणार? पण घराला कुलूप लावायचं म्हणजे सुमंगलाला आत कोंडून निघून जायचं, असं त्याला वाटे. हे दीपाला सांगण्यासारखं नव्हतं.

हॅमस्टर हा शब्द त्याच्या जिभेला जमेना. तो त्या जनावराला पावणा म्हणू लागला.

पावणा पाळायचा कसा हे त्याला कोण सांगणार? पहिल्या दिवशी तो सकाळपासून झोपून राहिला, तेव्हा कृष्णनाथला वाटलं आजारी आहे. तिन्हीसांजेला तो उठला आणि चाकात शिरून धावू लागला. चाक कुरकुरत होतं. कृष्णनाथनं पंख्याला घालावं तसं आसाला खोबरेल तेलाचं बोट लावलं, कुरकुर थांबली. दीपानं दिलेला भुसा संपला तेव्हा गिरणीतून भाताचं तूस आणलं. कपाट उघडून सूर्यफुलाच्या बिया आणि थोडे उकडे तांदूळ रोज वाटीत घालायचे, नळीतलं पाणी बदलायचं. कितीतरी महिन्यांनी घरात कुणाची तरी वेळ पाळायची होती. त्याला ते बरं वाटलं.

फक्त एक गोष्ट. सकाळी वाटी तशीच भरलेली असायची.

आणि पावणा जाड होत चालला होता.

श्रावणात एका सकाळी त्याचा डावा गाल टम्म सुजलेला दिसला. कृष्णनाथ घाबरला. सुमंगलाच्या दुखण्याची सुरुवातही गळ्याजवळच्या एका गाठीनं झाली होती. त्यानं पिंजरा छत्रीखाली धरला आणि गुरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर कोल्हापूरकडचे, तरुण होते.

"आजोबा, माझ्याकडे म्हशी येतात," ते म्हणाले. मग वाकून बघितलं आणि हसले. "सूज नाही ही. याच्या गालात पिशवी असते. खाणं साठवतो तिच्यात. थांबा जरा."

पावणा टेबलावर थोडा वेळ इकडेतिकडे हुंगत फिरला. मग त्यानं दोन्ही पंजांनी गाल पुढे लोटला आणि काहीतरी बाहेर काढलं. डॉक्टरांनी ते चिमट्यानं उचललं.

"आठळी आहे. फणसाची. भाजलेली." त्यांनी ती उजेडात धरली. "अर्धीच. दातानं तोडून देता वाटतं? तसं देऊ नका, आणि इतकं खायलाही घालू नका. पोट बघा त्याचं."

कृष्णनाथनं ती आठळी रुमालात बांधून घेतली.

फणसाच्या आठळ्या सुमंगला मे महिन्यात तांबड्या मातीत घोळवून माळ्यावरच्या मडक्यात ठेवायची. पावसात मिठाच्या पाण्यात उकडून, मग मागच्या चुलीच्या निखाऱ्यात भाजायची. आठळी वरून चांगली दिसली तरी आत किडकी निघते, म्हणून ती आधी दातानं अर्धी तोडून बघायची आणि चांगली असली तर उरलेली अर्धी नवऱ्याच्या तोंडात घालायची. त्याचे हात कधी मोकळे नसत. पावसाळ्यात घरोघरचे फ्यूज, मिक्सर, रेडिओ त्याच्याकडे दुरुस्तीला येत. तो तारा सोलत बसलेला असे, ती मागून येई, आणि काही न बोलता त्याच्या गालात गरम अर्धी आठळी सरके. तिचा पुढचा एक दात तिरका होता. तुटलेल्या बाजूवर त्याची एक बारीक कड उमटायची. जिभेला ती कड लागली की आठळी चांगली आहे हे त्याला चावण्याआधी कळायचं.

त्यानं रुमाल सोडला आणि अंगठा फिरवून बघितला. कड होती.

तो माळ्यावर चढला. मडकं रिकामं होतं, तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. यंदा आठळ्या ठेवल्याच नव्हत्या कुणी. मागची चूल पावसानं भिजून हिरवी पडली होती. शेवाळावर कुणाच्या पायाची खूण नव्हती.

शेजारची सुलोचना दगडी गडग्यापलीकडे तवशाच्या वेलाला आधार देत होती.

"वैनी, म्हज्या उंदराक तुमी कांय खावंक घालतात?"

"हांव?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माका उंदराची किळस येता, भाऊ. हांव कित्याक भरवूं?"

"बिकणां घालता कोण तरी." त्यानं रुमालातली अर्धी आठळी पुढे केली.

"बिकणां तूच भाजता न्हय? रोज सांजेक वास येता तुमगेल्यान." ती पुन्हा वेलाकडे वळली. "हांवें म्हणलें, बरें जालें. भाऊन चूल पेटयली."

कृष्णनाथ मान हलवून घरात आला.

तो आयुष्यभर तारांत काम केलेला माणूस होता. दिवा लागला तर कुठून तरी करंट आलेला असतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं पिंजरा रिकामा केला, धुतला, नवं तूस घातलं. पावण्याच्या दोन्ही गालांवरून बोट फिरवून ते रिकामे असल्याची खात्री केली. मग वीजमीटर सील करतात तशी बारीक तार पिंजऱ्याच्या दारातून ओवून तिला पीळ दिला. हा पीळ दुसऱ्या कुणी उघडला तर त्याला नक्की कळलं असतं. दार-खिडक्या लावून तो समोर खुर्ची टाकून बसला.

बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. पावणा जागा झाला, चाकात गेला. तेल घातलेलं चाक आवाज न करता फिरत राहिलं. त्याकडे बघता बघता कृष्णनाथचा डोळा लागला असावा, कारण तो जागा झाला तो वासानं. निखाऱ्याचा, मिठाचा आणि भाजल्या सालीचा वास.

पीळ तसाच होता.

तूस एका कोपऱ्यात उकरलेलं होतं. त्यानं तार सोडली, आत हात घातला. तिथलं तूस उबदार होतं. बोटांना अर्धी आठळी लागली.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो किती तरी वेळ तसाच हात आत ठेवून बसला. मग त्यानं आठळी होती तिथे ठेवली आणि वर तूस लोटलं.

त्यानंतर त्यानं पिंजऱ्याला तार बांधली नाही. रोज तिन्हीसांजेला तो खुर्ची घेऊन पावण्यासमोर बसे. कधी सुलोचनाच्या सुनेचा बंद पडलेला मिक्सर मांडीवर घेई, कधी नुसताच बसे. डोळा लागे. जाग आली की घरात वास असे, आणि त्याला बरं वाटे.

गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात पावण्यासाठी तांदूळ काढताना त्याच्या लक्षात आलं, दीपानं जूनमध्ये भरून ठेवलेला डबा काठोकाठ होता. एका पावण्यापुरते चार दाणे तेवढे कमी झाले होते. त्यानं झाकण लावलं. तेव्हाच पँट कंबरेत रुतली, म्हणून त्यानं पट्टा एक भोक सैल केला.

दीपा आली ती पिशव्या घेऊनच आली होती, त्याचे कपडे भरायला. उंबऱ्यातच थांबली.

"बाबा," ती म्हणाली. त्याच्या गालांकडे, मनगटाकडे बघत राहिली. घड्याळ जागच्या जागी होतं. "तू भरलो रे. कितें खाता?"

"मेळटा तें खातां."

ती पिंजऱ्यापाशी बसली, पावण्याला बोटानं थोपटलं. मग डोळे पुसले आणि रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घातल्या.

"राव तर हांगाच," ती म्हणाली. "कुलूप नाका. हांव चवथीक सगळ्यांक घेवन येतां."

संध्याकाळच्या बसची वेळ झाली होती. पाऊस उघडला होता. तो तिला पोचवायला गेटपर्यंत आला. निघण्याआधी त्यानं सवयीनं पिंजऱ्यात डोकावून बघितलं होतं. पावणा गाढ झोपला होता. आज त्याचे दोन्ही गाल रिकामे होते.

बस वळणावर दिसली. पोचल्यावर फोन कर, असं त्याला सांगायचं होतं. शब्द जड, बोबडे बाहेर पडले.

दीपा हसली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाली, "बाबा, तोंडांतलें पयलें खा, मगीर उलय."

बस गेली. कृष्णनाथ गेटला धरून उभा राहिला. सकाळच्या चहानंतर त्यानं तोंडात काही घातलं नव्हतं.

त्यानं जीभ हळूच डाव्या गालाकडे नेली. खारट लागलं. अजून गरम होतं. तुटलेल्या बाजूवर एक बारीक कड होती.