काचेपुढचा हात

रविवारी सकाळी गांधी बाजारातून भाजी घेऊन परत येताना हयवदन सहज बहिणीच्या घरी डोकावला, आणि कमळेनं त्याला पाणी द्यायच्या आधी कामाला लावलं. बहिणींची ही रीत जुनीच आहे.

"अण्णा, स्वल्प, जरा मोटारखान्यात जाऊन ये. त्यांना जेवायला घेऊन ये. डबा पाठवला तर तसाच परत येतो. आज तू आहेस, तर पानावर बसतील."

"बसेल की. काचा घासून घासून भूक कुठं जाणार?"

कमळा हसली नाही. पोटुशी बाई, चेहऱ्यावर तेज चढायचं ते दिवस, आणि ही आपली उतरलेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "त्यांचे हात गार असतात, अण्णा. ताप नाही, काही नाही. झोपेत हात लागला की मी दचकून उठते... परवा उन्हात बसवलं, तरी गारच."

हयवदनानं भाजीची पिशवी तिथंच ठेवली आणि तो निघाला.

मोटारखाना म्हणजे बसवनगुडीतच, अनुसूयाक्कांच्या बंगल्यामागची बिनखिडकीची खोली. यजमान वारल्यावर अक्कांनी मोटार विकली आणि ती जागा तिघांना भाड्यानं दिली. हयवदन, त्याचा मेव्हणा शेषगिरी आणि बिंदुमाधव. मेव्हणा पुढं झाला. आधी तिघेही कॉलेजातले दोस्त, तिघेही आता कचेऱ्यांत चिकटलेले, आणि तिघांना खूळ एकच, की दुर्बीण करायची तर तिचा आरसासुद्धा आपल्या हातानं घासायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते.

तीन पिंपं उभी केलेली, प्रत्येकावर एक जाड काच बसवलेली. तिच्यावर दुसरी काच, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. महिनेच्या महिने असं केलं की वरची काच हळूहळू खोलगट होते. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत गेला तरी ओरखडा पडून सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे घरी सोवळ्याओवळ्याची टिंगल करणारे हे तिघे तिथं मात्र आपल्या आज्यांना लाजवील असं सोवळं पाळत. हात न धुता कुणी दुसऱ्याच्या पिंपापाशी गेला की भांडण ठरलेलं. भांडणानंतर अनुसूयाक्कांची कॉफी, आणि कॉफीनंतर बिंदुमाधवच्या नकला. भाद्रपदात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ यायचा होता. त्याच्या आत तिन्ही दुर्बिणी उभ्या करायच्या असा तिघांचा पण होता.

वैशाखात बिंदुमाधव विषमज्वरानं गेला. एकटा जीव, काकूकडे राहणारा. डॉक्टरांनी अन्न बंद केलेलं. शेवटी शेवटी तो शुद्धीवर होता आणि एकच मागणं मागत होता, सार-भात. शेषगिरी उशाशी बसून "उद्या देऊ हं, उद्या नक्की," असं म्हणत राहिला. तो उद्या काही उगवला नाही. तेरावा झाला आणि शेषगिरीनं स्वतःची काच कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आणि बिंदुमाधवची घासायला घेतली. "त्याची पुरी करतो. मंगळ त्याच्या आरशात बघू." हयवदनाला ते मनापासून आवडलं होतं, पण त्याला स्वतःला त्या जागेत पाऊल टाकवेना. तो जायचा थांबला.

आता इतक्या दिवसांनी त्यानं फाटक उघडलं. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून अंगणात अनुसूयाक्का चटईवर सांडगे घालत होत्या.

"आलास? घेऊन जा बाबा तुझ्या मेव्हण्याला," त्या म्हणाल्या. "सकाळी आत जातो, दार लावून घेतो. कॉफी नको, काही नको. तुम्ही तिघं किती दंगा करत होता, मी ओरडत होते. आता वाटतं, तेच बरं होतं."

हयवदनानं दार ढकललं. आतून शेषगिरीचा आवाज आला, "लवकर लाव. उजेड येतो."

दार लागलं तसा काळोख झाला. ओल्या काचेचा आणि रॉकेलचा वास. एका टोकाला, डब्यात झाकलेल्या दिव्याच्या सुईएवढ्या भोकातून प्रकाशाचा एक ठिपका येत होता, आणि त्याच्यामागं शेषगिरी बसला होता. श्रावणातल्या त्या उकाड्यात अंगावर लोकरीची शाल. समोरच्या भिंतीशी, घोडीवर, बिंदुमाधवची काच उभी केलेली.

ही तपासणी हयवदनाच्या ओळखीची होती. दिव्याचा ठिपका काचेवरून उलटून येतो. तो जिथं जमतो तिथं दाढीच्या पात्याची धार आडवी धरायची आणि धारेला डोळा लावून काचेकडे बघायचं. हाताला लागणार नाहीत इतके बारीक उंचवटे आणि खळगे सावल्यांनी उठून दिसतात. आणि आणखी एक गंमत दिसते. काचेपुढं कुणी हात धरला तर हाताची ऊब दिसते. हवा तापून वर चढते, ती उदबत्तीच्या धुरासारखी बोटांवरून उठताना दिसते. बिंदुमाधवला हा खेळ फार आवडायचा. एकदा तो बर्फाचा खडा घेऊन आला होता. बर्फापुढं सगळं उलटं. थंडी धारेनं खाली सांडत होती. "ऊब वर, गारठा खाली. मेलेल्याचा हात धरला तर असाच दिसेल की," असं म्हणून तो हसला होता.

"शेषगिरी, चल. कमळा पानं घेऊन बसलीय."

"थोडंच राहिलंय."

"मग जेवून ये. काच पळून जात नाही."

"मला भूक नाही रे." शेषगिरी उठला. भिंतीला हात टेकत टेकत काचेकडे गेला. "तू बस माझ्या जागी. बघ एकदा. मी सांगून तुला पटायचं नाही..."

हयवदन बसला. पात्याच्या धारेला त्यानं डोळा लावला. काचेचं वर्तुळ मंद, राखाडी चमकत होतं. शेषगिरीनं त्यापुढं हात धरला. काळी पाच बोटं.

बोटांवरून हवा खाली सांडत होती.

हयवदनानं डोळा चोळला, पुन्हा लावला. तेच. शेषगिरीच्या एकेका बोटाच्या टोकातून गारठा ओघळत होता, सावकाश, न थांबता. आणि मग त्याला दुसरं दिसलं. शेषगिरीच्या हाताशेजारी, अगदी लागून, पाच बारीक लाटा वर चढत होत्या. तिथं हात नव्हता. पण चार बोटं आणि एक अंगठा यांची ऊब होती, चांगली रसरशीत, धडधाकट माणसाची असते तशी.

त्यानं पात्यावरून मान उचलून थेट बघितलं. काचेपुढं एकटा शेषगिरी. पुन्हा डोळा लावला. दोन हात.

"...दिसला?" शेषगिरी कुजबुजला.

"कुणाचा आहे तो?"

"पहिल्यांदा दिसला तेव्हा तोच गार होता. अगदी बर्फासारखा. मला बघवेना रे. मी माझा हात शेजारी धरला... रोज थोडा थोडा धरतो. आता बघ कसा ऊबदार झालाय."

"आणि तू?"

"मला काही त्रास नाही. नुसती भूक लागत नाही." जरा थांबून तो म्हणाला, "त्याला फार भूक लागली होती रे, जाताना."

हयवदनाला रडू आलं की भीती वाटली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की या माणसाला आत्ता, या घटकेला इथून काढलं नाही तर कमळेच्या कपाळावर कुंकू राहत नाही. तो ताडकन उठला. गुडघा लागला, दिवा डब्यासकट खाली गेला, आणि उरलासुरला ठिपकाही विझला.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. हयवदन चाचपडत पुढं झाला. "शेषगिरी! हात दे! हात दे आधी!"

हात आले.

एक हात त्याच्या डाव्या मनगटावर पडला, भिजल्या लोखंडासारखा थंडगार, आणि त्यानं मनगट घट्ट पकडलं. दुसरा उजव्या तळव्यात आला. ऊबदार. विचार करायला वेळ कुठं होता? अंधारात माणूस ऊब धरतो. हयवदनानं ऊबदार हात मुठीत आवळला, डावं मनगट जिवाच्या आकांतानं झटकलं, आणि ओढत ओढत दाराकडं धाव घेतली. मागं काहीतरी पिंपावर आदळलं. दार उघडलं, ऊन डोळ्यांत घुसलं. त्यानं मागं न बघता दार ओढून घेतलं, बाहेर कडीला लटकणारं कुलूप घातलं आणि त्यातली किल्ली काढून खिशात टाकली.

मग त्यानं आपण कुणाचा हात धरलाय ते बघितलं. शेषगिरीच होता. तोच चेहरा, तीच शाल. उन्हात डोळे मिचकावत उभा होता आणि हात गरम होते, दोन्ही. हयवदनानं भर अंगणात त्याला मिठी मारली. सांडगे तुडवले म्हणून अनुसूयाक्का ओरडल्या, तेही त्याला गोड वाटलं.

रस्त्यानं शेषगिरी सगळ्याकडे बघत चालला होता. फुलांची दुकानं, लिंबांचे ढीग, सायकलवरून जाणारी पोरं. कोपऱ्यावर तो चुकीच्या बाजूला वळला. "इकडे," म्हणून हयवदनानं त्याला आपल्या गल्लीत घेतलं. अशक्तपणा, दुसरं काय.

कमळेनं नवऱ्याचा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा असा फुलला की हयवदनाला सगळ्याचं सार्थक वाटलं. पानं मांडली. शेषगिरी आपला रोजचा पाट सोडून पाहुण्याच्या पाटावर बसला. पाण्याची घागर कुठं असते, असं त्यानं विचारलं, तशी कमळा हसली. "स्वतःचं घर विसरलात की काय? सरी, बरं तर, आता काचा पुरे." तिनं भात वाढला, वर सार घातलं. तो जेवू लागला. पुन्हा भात, पुन्हा सार. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"किती दिवसांनी," तो म्हणाला. "उद्या, उद्या करत किती दिवस गेले."

हयवदनाचा घास हातातच राहिला. काचेपुढं शेषगिरीचा हात गार होता. गार हात शेषगिरीचा होता. हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मग घाईत, अंधारात, ऊबदार हात धरून आणला होता.

काय सांगणार होता, आणि कुणाला? कमळा नवऱ्याच्या पानात तूप वाढत होती.

गौरी-गणपती आले. घरात गडबड, कमळेच्या गालांवर पुन्हा रंग. शेषगिरी तिच्यासाठी गजरे आणी, नकला करून तिला हसवी. मोटारखान्याचं नाव त्यानं काढलं नाही. हयवदन येऊन बसे आणि त्या नकलांकडे बघत राही. किल्ली त्याच्या खिशात असे, आणि खिशावर हात ठेवूनच तो झोपे.

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अनुसूयाक्का त्याच्या घरी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. रागावलेल्या होत्या.

"तुझा मेव्हणा काम करतो तर करू दे बाबा, माझं काही नाही. पण माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप कशाला? मी विचारलं, पाणी आणू का रे. तर म्हणतो, नको अक्का, किल्ली हयवदनाकडे आहे, तो आला की बघू."

हयवदन एकटाच गेला. टळटळीत दुपार होती. दाराशी उभा राहिला तसा दाराखालच्या फटीतून पायांवर गारठा आला. आत कुणीतरी हळूहळू चालत होतं, पिंपाभोवती.

"...हयवदना?" आवाज अगदी दाराला लागून आला.

"हं."

"कमळा जेवते का रे नीट?"

हयवदनानं किल्ली काढली. कुलपात घातली. हात थांबला. हे दार उघडलं तर कोण राहील आणि कोण जाईल? आज सकाळीच कमळा म्हणत होती, की पोटातलं बाळ त्यांच्या हाताच्या उबेनं हलतं. तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं.

"जेवते," तो म्हणाला. "हसतेही."

मग आतून, अगदी थकलेल्या माणसासारखं, "बरं झालं. मग... असू दे."

हयवदनानं किल्ली काढून घेतली. अंगणातल्या नळाखाली तोंड धुतलं, डोळ्यांची लाली जाईपर्यंत इकडंतिकडं फिरला, आणि मग बहिणीकडे गेला. कुठं जाऊन आलो ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हता. ओसरीवर कमळा दूर्वा निवडत होती. शेजारी तो बसला होता, तिच्यासाठी शेंगा सोलत. हयवदन चप्पल काढू लागला. शेंगा सोलणाऱ्यानं वर बघितलं नाही, हात थांबवला नाही.

"काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

"कोण?" कमळेनं हसत विचारलं, आणि दोघांकडे आळीपाळीनं बघू लागली.